बीसीजी, डीपीटी आणि पुलाजवळची म्हातारी

आमच्या नर्सबाई कुणालाही "कसं काय?" असं एकदाच विचारून सोडत नसत. दोनदा विचारत. मधे थोडा वेळ जाऊ देत. तेवढ्यात चष्मा पुसत, पिशवीतली गोळ्यांची पाकिटं सारखी करत, घरातल्या कोंबड्यांचीही चौकशी करून घेत. समोरचा माणूस "बरं हाय बाई" म्हणून मोकळा झालेला असे आणि बाई उठून दारापर्यंत पोचलेल्या असत. मग चौकटीला हात लावून त्या मागं वळत आणि जणू आत्ताच आल्यासारख्या म्हणत, "मंग, कसं काय?" त्या दुसऱ्या 'कसं काय'ला खोटं बोलणारा माणूस झरी तालुक्यात तरी मला भेटला नाही.

मी त्यांच्या उपकेंद्रात आरोग्यसेवक म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात याचा प्रत्यय आला. एका कोलाम पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, आम्ही गृहभेटीला गेलो होतो. तिथं सात महिन्यांची गरोदर असलेली एक पोर होती. तिनं सगळ्या प्रश्नांना "बरं हाय" असंच उत्तर दिलं. मी रजिस्टरमधे 'प्रकृती ठीक' असं लिहून, शाईवर फुंकर मारून रजिस्टर मिटलंही. बाई कुंपणापाशी जाऊन वळल्या. पोरगी खाली बघत म्हणाली, "कालपासून पोटातलं हलत नाही बाई." पुढचा अर्धा तास काय धावपळ झाली ते सांगत बसत नाही. जीप मिळाली, पोरगी वेळेत पोचली, मायलेक दोघं वाचली. परत येताना मी रजिस्टरमधलं 'प्रकृती ठीक' खोडलं. बाई मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाबू, पयलं उत्तर मानूस दारात आलेल्याले देते. दुसरं आपल्या मानसाले देते. थांबाव लागते थोडं."

मी यवतमाळचा. वडील कारकून, घर गावात, आणि तोवर यवतमाळ सोडून कुठं राहिलेलो नव्हतो. इथं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा आणि मागं सागाचं जंगल. मोबाइलच्या सिग्नलची एक काडी हवी असेल तर पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढावं लागे. वेळ जावा म्हणून मी कॉलेजात असताना एका दुरुस्तीवाल्याकडून जुनं घेतलेलं खेळाचं यंत्र बरोबर आणलं होतं. हातात मावणारं, वरवंट्यासारखं जड, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. त्यात एकच खेळ होता, जुन्या पद्धतीचा. चार वीर गावोगाव फिरतात, घरोघर जाऊन माणसांशी बोलतात, वाटेत राक्षस मारून ताकद वाढवतात आणि शेवटी सगळ्यात मोठ्या राक्षसाशी लढतात. गोष्ट मोठी, चित्रं ठिपक्याठिपक्यांची. मी तो खेळ तीनदा संपवला होता आणि चौथ्यांदा सुरू केला होता.

तिसऱ्या दिवशी बाईंनी मला पकडलं. ओपीडीच्या वेळात मी टेबलाखाली यंत्र धरून बसलो होतो.

"हे कायचं मशीन हाय? शुगरचं?"

"नाही जी. खेळ आहे."

"ड्युटीवर?" असं म्हणून त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि लोखंडी कपाटात, सलाइनच्या बाटल्यांच्या मागं ठेवून कुलूप लावलं. मला वाटलं, संपला विषय. पण दोन दिवसांनी दुपारी त्याच मला बोलावून म्हणाल्या, "थे लाल पट्टी कायची होती रे त्याच्यात?"

"ती जिवाची पट्टी. मार बसला की कमी होते."

"अन् थो पोट्टा? तलवारवाला? त्याची त इतकुशीच राह्यली होती." त्यांनी करंगळीचं टोक दाखवलं. "तू त्याले तसाच ठेवला? औषध नाही, पानी नाही?"

मला तेव्हा कळलं की बाई दोन दिवस त्या कपाटात कोंडलेल्या पेशंटची काळजी करत होत्या. मी कपाट उघडून घेतलं, त्याला हिरव्या बाटलीतलं औषध पाजून दाखवलं, पट्टी भरली. बाईंनी सुस्कारा सोडला. मग म्हणाल्या, "आता दुसऱ्याचं पाहू." त्या दिवसापासून यंत्र माझं राहिलं नाही.

बाईंनी खेळ पहिल्यापासून सुरू केला. वीरांची नावं ठेवायची वेळ आली. जुन्या खेळात नावाला चारच इंग्रजी अक्षरं मिळतात. बाईंचं इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचं; पडद्यावरची वाक्यं मी मराठीत सांगत असे. त्यांना चार अक्षरांत बसणारी जी नावं तोंडपाठ होती, ती त्यांनी ठेवली. तलवारवाला झाला बीसीजी. जादूगार झाला डीपीटी. जखमा बऱ्या करणारी पोरगी अर्थातच ओआरएस. आणि कुलपं उघडणारा जो चोर असतो, तो धनुर्वाताच्या इंजेक्शनवरून टीटी, कारण "याचा हात सदान् कदा गंजलेल्या लोखंडात". पंधरा दिवसांत या चौघांचे स्वभाव उपकेंद्रात सगळ्यांना पाठ झाले. आमची आशाताई पाणी भरताना विचारायची, "बीसीजी आज काय म्हन्ते?" आणि बाई म्हणायच्या, "शूर हाय, पन उतावीळ. डीपीटीचं आयकत नाही."

पण खेळ काही पुढं सरकेना. कारण बाई कुणाला मारायला तयार नव्हत्या. जंगलात एखादं बेडकासारखं भूत समोर आलं की त्या 'पळा' हे बटण दाबत. मी म्हणालो, "बाई, याला मारलं तर आपला अनुभव वाढतो."

"मारून अनुभव वाढते? तसं असतं त बसस्टँडवरचा पप्या आज सिव्हिल सर्जन असता." मग बेडकाकडे बघून, "त्याच्या घरात आपन घुसलो का थो आपल्या घरात?"

बेडूक वाचला. तसंच दुसऱ्यांच्या घरातल्या रांजणांचं. या खेळात वीर कुणाच्याही घरात शिरतात, रांजणात हात घालतात, पेट्या उघडतात, सापडेल ते घेऊन निघतात आणि कुणी काही बोलत नाही. मी इतकी वर्षं ते करत आलो होतो आणि मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. बाईंनी टीटीला एका म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात पेटीसमोर उभा केला, मी म्हणालो, "उघडा," आणि बाईंनी यंत्र मांडीवर ठेवून माझ्याकडे असं पाहिलं की मी आपोआप उभा राहिलो. "तीस वर्षं लोकांच्या चुलीपर्यंत जाऊन राह्यली मी," त्या म्हणाल्या. "कोनाच्या मडक्याचं झाकन उचललं नाही. म्हनून आतमंदी घेतेत लोक." पेटी तशीच राहिली. तिच्यात चांदीची ढाल होती, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही.

औषधांच्या बाबतीत मात्र त्या माझ्यापेक्षा हुशार निघाल्या. मी सगळ्यात भारी औषध 'शेवटच्या राक्षसासाठी' म्हणून साठवत असे आणि तिन्ही वेळा खेळ संपला तेव्हा माझी पिशवी औषधांनी तुडुंब होती. बाईंचा नियम सरकारी भांडाराचा: आधी आलेली बाटली आधी गेली पाहिजे. "ठेवून का लोनचं घालतं? एक्सपायरी झाली की कोन पेते?" बर्फाची गुहा लागली तेव्हा त्यांचे डोळे चमकले. त्यांना तिथला राक्षस दिसलाच नाही. म्हणाल्या, "इथं लशीचा डबा ठेवला त बरफाच्या पाकिटाची झंझटच नाही." आणि सेल. बीपीचं यंत्र आणि खेळाचं यंत्र, दोन्हींना एकाच जातीचे सेल लागत. पण सरकारी सेल त्यांनी एकदाही खेळात घातले नाहीत. आठवडी बाजारातून स्वतःचे आणत आणि त्यांच्यावर पेनानं 'खाजगी' असं लिहून ठेवत.

आता रजिस्टरचं सांगायला हवं. खेळातलं पहिलं गाव लागलं तेव्हा बाईंनी एक कोरं रजिस्टर काढलं, पट्टीनं रकाने आखले आणि घरोघर सर्वे सुरू केला. घर क्रमांक, माणूस, पहिलं बोलणं, दुसरं बोलणं, शेरा, आणि अगदी उजवीकडे मृत्यू. मी हसलो. म्हणालो, "बाई, ही माणसं एकच वाक्य बोलतात. कितीदाही विचारा, तेच." बाईंनी पहिल्याच घरातल्या लोहाराला विचारलं. तो म्हणाला, 'तलवारी हव्यात का?' बाई त्याच्या घराबाहेर गेल्या, पुन्हा आत आल्या, पुन्हा विचारलं. लोहार म्हणाला, 'माझा मुलगा जंगलातून अजून परतला नाही.'

मी यंत्र हातात घेऊन तीन वेळा बघितलं. तीनदा खेळ संपवलेला मी, मला त्या लोहाराला मुलगा आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. आणि एकट्या लोहाराचं असं नव्हतं. सगळ्याच नाही, पण बऱ्याच माणसांना दुसरं वाक्य होतं. खेळ लिहिणाऱ्यानं ते लिहून ठेवलं होतं आणि आम्ही सगळे बटणं दाबत पुढं धावत होतो. बाईंना त्याचं काही नवल वाटलं नाही. त्यांनी 'दुसरं बोलणं' या रकान्यात 'पोरगा हरवला' असं लिहिलं आणि शेऱ्यात 'पाठपुरावा करणे'.

याच रजिस्टरमुळे एकदा आमची नोकरी जायची वेळ आली होती. तालुक्याचे साहेब तपासणीला आले. टेबलावर पाच रजिस्टरं होती, त्यांनी नेमकं हेच उचललं. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"बीसीजी गंभीर जखमी? डीपीटीला विषबाधा? सिस्टर, हे कुठल्या गावातलं? मला का कळवलं नाही?"

बाई बेसावध होत्या. खरं तेच बोलून गेल्या. "काही नाही साहेब, डीपीटीले साप चावला."

"डीपीटीला साप चावला?"

"जंगलात गेलता, बीसीजीसंग. मी म्हनलं होतं नोको जाऊ. ओआरएसनं वाचवलं त्याले, नाही त गेलाच होता."

साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. पंखा नव्हता, तरी त्यांना वारा हवा होता. "आणि टीटी?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"थो पयून गेला."

मी धावत जाऊन यंत्र आणलं, चालू केलं आणि साहेबांच्या हातात दिलं. साहेबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली. आम्ही दोघं शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीला टेकून उभे. वीस मिनिटांनी साहेबांनी मान वर केली आणि म्हणाले, "सिस्टर, या म्हाताऱ्याच्या पेटीत ढाल आहे. तुम्ही घेतली नाही?" बाई म्हणाल्या, "नाही जी, दुसऱ्याची हाय." साहेबांनी भेटवहीत 'नोंदी अत्यंत बारकाईने ठेवल्या आहेत' असा शेरा मारला आणि निघून गेले. पुढच्या तपासणीला त्यांनी बीसीजीची तब्येत विचारली.

बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते विचारलं की म्हणत, "ड्युटी होती." एकदा व्हरांड्यात आम्ही दोघं भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो तेव्हा मी त्यांचीच रीत वापरली. शेंगा संपत आल्यावर पुन्हा विचारलं. बाईंनी टरफलं गोळा केली, सुपात टाकली आणि म्हणाल्या, "एकानं इचारलतं. बोरी अरबचा होता, मास्तर. मी नाही म्हनलं." सूप बाजूला सारलं. "त्यानं दुसऱ्यांदा इचारलंच नाही." आणि आपल्याच बोलण्यावर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं.

खेळात तिसरं गाव होतं एका पुलाच्या अलीकडे. पुलापाशी सात नंबरच्या घरात एक म्हातारी राहायची. पहिल्यांदा विचारलं की ती म्हणे, 'पुलापलीकडे राजवाडा आहे.' दुसऱ्यांदा म्हणे, 'मी खिडकी उघडी ठेवते. परत याल ना?' आता ही गोष्ट मला माहीत होती आणि बाईंना नव्हती: चौघांनी पूल ओलांडला की मागं राक्षस येतो, गाव जाळतो आणि म्हातारी मरते. खेळाची गोष्टच तशी लिहिलेली आहे. त्या दुःखानं वीर पेटून उठतात आणि मग खरी लढाई सुरू होते. मी तीनदा त्या पुलावरून गेलो होतो आणि तिन्ही वेळा म्हातारी मरताना बटण दाबून ते चित्र लवकर पुढं ढकललं होतं.

बाई मात्र पुलाच्या तोंडाशी थबकल्या. 'परत याल ना' हे त्यांना खटकलं. "असं मानूस कवा म्हन्ते ठाऊक हाय का तुले?" त्या म्हणाल्या. "इले काहीतरी होनार हाय." त्यांनी चौघांना मागं फिरवलं. म्हातारीला वाचवायचं तर अंगात ताकद हवी, असा त्यांनी विचार केला, आणि तीस वर्षांत मुंगी न मारलेली ही बाई बेडकं मारू लागली. रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, व्हरांड्यात बसून. प्रत्येक बेडकाला आधी "माफ करजो बाप्पा" म्हणायचं आणि मग बीसीजीला हुकूम द्यायचा. पेरण्या झाल्या तेव्हा सुरुवात केली, सोयाबीन निघालं तेव्हा चौघंही नव्व्याण्णवाव्या पायरीवर पोचले. त्याच्या वर पायरीच नसते. मी आयुष्यात कधी चाळिशीच्या पुढं गेलो नव्हतो.

त्या दिवशी बाईंनी मला विचारलं, "आता वाचन का थे म्हातारी?"

चार महिन्यांची मेहनत माझ्या डोळ्यांसमोर होती. मी म्हणालो, "वाचेल जी."

बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला. कपाटाचं कुलूप लागलंय का ते पाहिलं. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "बाबू, वाचन का थे?"

"नाही जी," मी म्हणालो. "कितीही ताकद असली तरी नाही. तसंच लिहिलेलं आहे."

"कोनं लिहिलं?"

"खेळ करणाऱ्यानं."

"त्यानं पाह्यलं तरी का तिले कदी?" बाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते मी विसरलो नाही. "खऱ्या रजिस्टरात मृत्यूचा रकाना मले रिकामा ठेवता आला नाही रे. लय धावली मी. कदी नाल्याले पूर, कदी गाडी नाही, कदी मीच चुकली. हे रजिस्टर तरी रिकामं राहू दे. रिटायर होयाच्या आधी एक रकाना कोरा पाह्यजे मले."

त्यांनी चौघांना त्या गावाच्या धर्मशाळेत झोपवलं आणि पूल ओलांडायचाच नाही असं ठरवलं. पण यंत्र बंद करून ठेवलं नाही. दर सोमवारी, लसीकरणाची यादी झाली की, त्या खेळ उघडत, सात नंबरच्या घरी जात, म्हातारीला दोनदा विचारत, दोन्ही ओळखीची वाक्यं ऐकून घेत आणि रजिस्टरमधे लिहीत: 'प्रकृती स्थिर.' अशा एकोणसाठ नोंदी मी मोजल्या आहेत. मी एकदा गमतीनं म्हणालो, "बाई, राजकन्या तिकडं कैदेत आहे." त्या म्हणाल्या, "तिले जेवाले देऊन राह्यले ना? मंग राहू दे थोडी."

त्या निवृत्त झाल्या तेव्हा पोडांवरून इतकी माणसं आली की व्हरांडा पुरला नाही. साडी, श्रीफळ, भाषणं सगळं झालं. साहेब बोलायला उभे राहिले आणि डीपीटीला साप चावल्याचा किस्सा सांगून सगळ्यांना हसवता हसवता स्वतःच नाक पुसायला लागले. मी त्या रजिस्टरसोबत यंत्र बाईंच्या पिशवीत ठेवलं. "तुह्यं हाय थे," बाई म्हणाल्या. मी म्हणालो, "पेशंट तुमचा आहे." त्या यवतमाळला पुतण्याच्या घरामागच्या खोलीत राहायला गेल्या. खोलीत एक खाट, बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि उशाशी यंत्र. मी रविवारी सकाळी टाकीच्या शिडीवर चढून फोन करत असे. कशा आहात म्हटलं की, "ठणठणीत. मले काय धाड भरली?"

वर्षभरानं जिल्ह्याला मीटिंग होती, तेव्हा दुपारी त्यांच्याकडे गेलो. बाईंनी चिवडा केला, चहा केला, साहेबांची नक्कल करून दाखवली. "कशा आहात?" म्हटलं तर नेहमीचं "ठणठणीत" आलं. मी निघालो. फाटकाची कडी काढली, बाहेर पाय टाकला, आणि का कोण जाणे, वळलो. बाई दारातच उभ्या होत्या.

"मंग बाई, कसं काय?"

बाई हसल्या. हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. "छातीत गाठ हाय रे, डाव्या अंगाले," त्या म्हणाल्या. "चार महिने झाले."

मी भडकलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. हजार बायकांना समजावून तपासणीला पाठवणाऱ्या तुम्ही, आणि चार महिने? बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कोनी दुसऱ्यांदा इचारलं नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अन् खरं सांगू का, मी बी पुलाच्या अलीकडंच बसून राह्यली होती ना."

पुढचं सगळं भरभर झालं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी वॉर्डात त्यांनी पिशवीतून यंत्र आणि रजिस्टर काढलं. "चाल," म्हणाल्या, "आज पाहू काय होते." सात नंबरच्या घरी गेल्या, म्हातारीला दोनदा विचारलं आणि चौघांना पुलावर घातलं. राक्षस आला. गाव पेटलं. बाईंनी एकदाही बटण दाबून चित्र पुढं ढकललं नाही. सगळं संपल्यावर शेजारच्या खाटेवरच्या बाईनं विचारलं, "कोन गेलं जी तुमचं?" बाई म्हणाल्या, "शेजारीन होती." रजिस्टरमधल्या मृत्यूच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'एक. कारण: लिहिणाऱ्याची हयगय.'

पण बाई तिथं थांबल्या नाहीत. चौघांना परत पुलावरून मागं आणलं. जळालेल्या गावात तसं कुणी परत जात नाही, मी तर कधीच गेलो नव्हतो. सात नंबरच्या जागी काळे ठिपके होते. बाईंनी तिथं उभं राहून बटण दाबलं. यंत्रावर अक्षरं आली: 'इथे काही नाही.' बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा दाबलं. 'एक खिडकी उरली आहे. उघडी आहे.'

बाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. "म्हंजे त्यानं पाह्यलं होतं तिले," त्या म्हणाल्या. त्यांनी पेन मागितलं, 'हयगय' हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, 'नाइलाज'.

ऑपरेशन चांगलं झालं. त्यानंतर बाई तीन वर्षं छान राहिल्या. खेळ पुरा केला, राजकन्या सोडवली, आणि तिलाही दोनदा विचारलं. शेवटच्या राक्षसाला मारायच्या आधीसुद्धा दोनदा विचारता येतं का ते बघितलं. येत नाही, म्हणून त्यांना वाईट वाटलं. फोन चालूच होते. एका रविवारी मी शिडीवर चढून फोन लावला. बाईंचा आवाज बारीक होता. "कसा हायस बाबू?" मी म्हणालो, "बरा आहे जी." मग मी थांबलो. चष्मा पुसायला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबलो. बाई म्हणाल्या, "बरं," आणि दुसऱ्यांदा न विचारताच फोन ठेवला. मी पुढच्या एसटीनं निघालो, तरी पोचेपर्यंत उशीर झाला होता.

पुतण्यानं मला पिशवी दिली. यंत्र, 'खाजगी' लिहिलेले दोन सेल आणि रजिस्टर. गावंच्या गावांची पानं उलटल्यावर अगदी शेवटच्या पानावर एक नोंद होती, त्या रविवारची. माणूस: आरोग्यसेवक. पहिलं बोलणं: 'बरा आहे म्हणतो.' दुसरं बोलणं हा रकाना कोरा होता. शेऱ्यात लिहिलं होतं, 'दम लागला. नंतर विचारणे.'

आता त्या उपकेंद्रात मी जुना झालो आहे. पोडांवर जातो, कुंपणापाशी थांबतो, वळतो. परवा सोमवारी लसीकरणाची यादी झाल्यावर रजिस्टर काढलं, शेवटचं पान उघडलं आणि तो रकाना भरून टाकला. लिहिलं, 'बरा नाही बाई. तुमची फार आठवण येते.' मग शाई वाळेपर्यंत फुंकर मारत बसलो. आशाताईनं दारातून विचारलं, "काय झालं जी?" मी म्हणालो, काही नाही. ती घागर घेऊन पायरीपर्यंत गेली, आणि वळली.